मांडा ताणतो, भाकर तुटते: चिवटपणाचं रेणूंमधलं गणित

ज्वारीच्या पिठाचा मळलेला उंडा दोन्ही हातांनी धरून ओढा. बोटभरही लांबत नाही तोच मधोमध तुटतो. आता तेवढीच गव्हाची कणीक घ्या, अर्धा तास झाकून ठेवलेली. ती ताणते, लांबते, बारीक होत जाते आणि सोडली की थोडी मागेही येते. वऱ्हाडात ज्या घरांत अजून खापरावर मांडे होतात, तिथे हा प्रकार टोकाला जातो. पुरण भरलेली लाटी पोळपाटावर थोडी लाटायची, मग दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूंवर घेऊन फिरवत राहायची. मांडा मनगटाच्या पुढे जातो, कोपरापर्यंत पोचतो, इतका पातळ होतो की आतलं पुरण बाहेरून दिसतं. तरी तो फाटत नाही. करणारी बाई तो तसाच पालथ्या तापलेल्या खापरावर टाकते.

दोन्ही पिठांत काय आहे ते पाहिलं तर कोडं आणखी वाढतं. दोन्हींत सर्वांत जास्त असतो स्टार्च. दोन्हींत प्रथिनं साधारण १० ते १२ टक्के. पाणी तेच, परात तीच, मळणारे हातही तेच. तरी एक पीठ हातभर ताणलं जातं आणि दुसरं थापतानाच कडेला फाटतं. फरक प्रथिन किती आहे यात नाही. प्रथिनाचा रेणू कसा बांधलेला आहे यात आहे. रबराची ट्यूब पंक्चर झाली तरी फाटत का जात नाही आणि जेली चमच्याने सहज का तुटते, याचं उत्तरही याच गणितात आहे.

आधी चिवटपणा म्हणजे काय ते ठरवून घेऊ, कारण बळकट, ताठ आणि चिवट हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. शास्त्राला ते तीन वेगळे गुण वाटतात. काच रबरापेक्षा हजारो पट ताठ आहे. पण काचेवर एक ओरखडा ओढून दाब दिला की चीर सपकन पलीकडे जाते. एक चौरस मीटर नवी चीर पाडायला काचेत दहाएक ज्यूल ऊर्जाही पुरते; चांगल्या रबरात तेवढ्याच चिरेला दहा हजार ज्यूलच्या घरात ऊर्जा लागू शकते. चिवटपणा म्हणजे हेच: चीर पुढे सरकवायला पदार्थ किती किंमत वसूल करतो. मऊ असूनही चिवट असणं शक्य आहे.

रबर, कणीक, जेली, कापूस हे सगळे पॉलिमर, म्हणजे लांबलचक साखळ्यांचे रेणू. एकेका साखळीत शेकडो-हजारो कड्या. रेणू इतके लांब असू शकतात हे शास्त्रज्ञांना पटायला बराच काळ गेला. जर्मनीच्या हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिला बराच विरोध झाला. त्यांना नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये. साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, काही ठिकाणी एकमेकींना सांध्यांनी जोडलेल्याही असतात. साखळी किती लांब, सांधे किती, कुठे आणि किती घट्ट, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर पदार्थाचा चिवटपणा ठरतो.

गव्हाचं उत्तर घरीच पाहता येतं. मूठभर कणकेचा घट्ट गोळा मळा, वीस मिनिटं ठेवा, मग पाण्याच्या बारीक धारेखाली हळूहळू चोळत धुवा. पांढरं पाणी वाहत राहील. तो स्टार्च. उन्हाळ्यात कुरोड्यांसाठी भिजवलेला गहू वाटून गाळतात आणि तळाशी जो पांढराशुभ्र चीक बसतो, तो हाच. धुता धुता गोळा लहान होत जातो आणि शेवटी हातात उरतो एक पिवळसर, रबरासारखा ताणला जाणारा गोळा. ओढला की लांबतो, सोडला की आखडतो. हेच ग्लूटेन. इटलीतल्या बोलोन्या शहरात याकोपो बेक्कारी यांनी १७२८ मध्ये हाच प्रयोग जाहीर केला. धान्यातून प्राण्यांच्या अंगातल्या पदार्थासारखं काही निघतं, याचं त्या काळच्या विद्वानांना मोठं नवल वाटलं होतं. ज्वारीच्या पिठाने हाच प्रयोग करून बघा. गोळा धुता धुता विरघळून जातो. हातात ताणण्यासारखं काही उरत नाही.

ग्लूटेनमध्ये मुख्यतः दोन प्रकारची प्रथिनं आहेत. ग्लायाडिनचे रेणू सुटे आणि गोळा झालेले असतात. त्यांच्यामुळे कणीक सैल, वाहती राहते. ग्लूटेनिनचे रेणू मात्र एकमेकांना जोडत जातात आणि अजस्र होतात. त्यांचं वजन हायड्रोजनच्या अणूच्या कोट्यवधी पटीत जातं. निसर्गातल्या सर्वांत मोठ्या प्रथिनांमध्ये त्यांची गणना होते. हे जोडण्याचं काम गंधक करतं. प्रथिन ज्या अमिनो आम्लांचं बनतं, त्यांतल्या सिस्टीन नावाच्या आम्लात गंधकाचा एक अणू असतो. दोन सिस्टीन जवळ आली की त्यांचे गंधक एकमेकांना धरतात आणि पक्का सांधा तयार होतो.

खरी गंमत हे सांधे कुठे आहेत यात आहे. ग्लूटेनिनच्या मोठ्या उपघटकांत सिस्टीन मुख्यतः दोन टोकांना असतात. मधला लांब पट्टा गंधकावाचूनचा, मोकळा, सैल गुंडाळलेला. म्हणजे एका रेणूचं टोक दुसऱ्याच्या टोकाला बांधलेलं, आणि दोन गाठींच्या मध्ये ताणायला भरपूर जागा. या मधल्या पट्ट्यात ग्लुटामिन हे आम्ल पुन्हा पुन्हा येतं. शेजारशेजारच्या ग्लुटामिनांत हायड्रोजन बंध जुळतात. एकेक बंध फार कमकुवत, पण संख्या प्रचंड. कणीक ओढली की आधी हे कमकुवत बंध सुटतात, पट्टा उलगडतो, ऊर्जा त्यात जिरते. ओढणं थांबलं की बंध पुन्हा जुळतात. गंधकाचे पक्के सांधे तोवर सुरक्षित राहतात.

हे सगळं माहीत नसताना आपल्या स्वयंपाकघरांनी त्याचा पुरेपूर वापर केला आहे. मांड्याची कणीक बारीक चाळलेल्या पिठाची असते आणि ती मळून भागत नाही. पाणी लावत लावत तिंबावी लागते, आपटावी लागते. तिंबण्याने विस्कळीत रेणू एका दिशेला ओढले जातात, एकमेकांना भेटतात, गंधकाचे सांधे जुळतात. चिमूटभर मीठ प्रथिनांवरच्या विद्युतभारांची आपसातली ढकलाढकल कमी करतं, म्हणून जाळं घट्ट होतं. नंतर कणीक मुरायला ठेवायची. मुरताना ताणलेल्या साखळ्या सैलावतात, काही सांधे सुटून नव्या जागी बसतात, आणि मग लाटी हातावर फिरवताना हट्टाने मागे येत नाही. शंकरपाळ्यांत कडकडीत मोहन घालतो तेव्हा नेमकं उलटं करतो: तेल-तूप प्रथिनाभोवती बसतं, पाणी आणि जाळं दोन्हींना अडवतं, आणि पदार्थ खुसखुशीत, म्हणजे मुद्दाम ठिसूळ होतो.

गव्हागव्हांतही फरक असतो, आणि तो किती बारीक गोष्टीवर अवलंबून असावा? पोळीच्या गव्हाच्या पेशीत ४२ गुणसूत्रं असतात. त्यांतल्या तीन जोड्यांवर ग्लूटेनिनच्या मोठ्या उपघटकांची जनुकं आहेत. १९८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेत पीटर पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की, ज्या गव्हात ५ आणि १० क्रमांकाचे उपघटक येतात त्याची कणीक जोरकस होते, आणि २ आणि १२ क्रमांकाचे आले तर ती ढिली पडते. पुढे जनुकांची अक्षरं वाचल्यावर ५ क्रमांकाच्या उपघटकात एक सिस्टीन जास्तीचं सापडलं. आठशेहून अधिक अमिनो आम्लांच्या साखळीत गंधकाचा एक अणू जास्त, म्हणजे सांधा जोडायला एक हात जास्त. तेवढ्याने कणकेचा स्वभाव बदलतो. जगभरचे गहू पैदासकार आजही नवा वाण तपासताना हे उपघटक बघतात.

बन्सी गहू हा ड्युरम जातीचा. त्याच्यात गुणसूत्रं २८ आणि पोळीच्या गव्हातला गुणसूत्रांचा जो तिसरा संच, तोच नाही. त्यामुळे त्या संचावरची ग्लूटेनिनची जनुकंही नाहीत. त्याची कणीक घट्ट असते, ताणायला नाखूश. पोळीला ती फारशी मानवत नाही. पण रव्याला, शेवयांना, काडीवर गुंडाळून केलेल्या सरगुंड्यांना मानवते, कारण तिथे पदार्थाने शिजताना आपला आकार धरून ठेवायला हवा असतो. कोणत्या कामाला कोणता गहू, हे ठरवणाऱ्या जुन्या बायांनी रेणू पाहिले नव्हते, त्यांचा परिणाम मात्र अचूक ओळखला होता.

आता ज्वारीकडे येऊ. ज्वारीच्या दाण्यातलं मुख्य प्रथिन काफिरिन. त्यातही गंधक आहे, सांधे आहेत. मग ते ताणत का नाही? कारण हे सांधे भलत्याच ठिकाणी पडले आहेत. काफिरिन दाण्यात मोकळं नसतंच. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या गोल कणांत ते कोंडलेलं असतं. कणाच्या आत एका प्रकारचं काफिरिन, आणि कवचात गंधकाने भरलेली दुसरी काफिरिनं, एकमेकांना इतकी जागोजाग बांधलेली की पाणी आत शिरायलाच तयार नाही. हे प्रथिन मुळात पाण्याला दूर ठेवणारंही आहे. कितीही मळा, साखळ्या बाहेर येत नाहीत, एकमेकींना भेटत नाहीत, जाळं होत नाही. शिजवल्यावर तर गंधकाचे सांधे आणखी वाढतात; म्हणून शिजलेल्या ज्वारीतलं प्रथिन पचायलाही जरा अवघड होतं. गव्हात मोकळ्या साखळ्यांना मोजके सांधे, ज्वारीत कोंडलेल्या साखळ्यांना भरमसाट सांधे.

भाकरीने यावर काढलेला उपाय मला गव्हाच्या जाळ्याइतकाच हुशार वाटतो. प्रथिन हाताशी येत नाही, तर स्टार्चला कामाला लावायचं. पिठात आधणाचं पाणी घालतात ते यासाठी. ज्वारीच्या स्टार्चचे कण साधारण ७० अंश सेल्सियसच्या आसपास फुगतात, गव्हाचे त्याहून कमी तापमानाला. म्हणून कोमट पाण्यावर भागत नाही, उकळतंच पाणी लागतं. फुगलेल्या कणांतून स्टार्चमधल्या अमायलोजच्या साखळ्या बाहेर पडतात आणि बाकीच्या पिठाला चिकटवून धरतात. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग उकड काढल्याशिवाय भाकर थापताच येत नाही, हे प्रत्येक वऱ्हाडी घराला माहीत आहे. पण स्टार्चचं हे जाळं हायड्रोजन बंधांवरच उभं असतं. त्याखाली गंधकाचा पक्का आधार नाही. म्हणून भाकर थापायची असते, ओढायची नसते. तळहाताने दाब देत देत तिला मोठं करतात, तेव्हा पिठावर ताण पडण्याऐवजी दाब पडतो आणि चिरेला वाढायला वाव कमी मिळतो.

गंधकाची हीच गोष्ट रबराच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर घडते. झाडाच्या चिकातून आलेलं कच्चं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना कळलं की गंधक मिसळून तापवलं की ते सुधारतं. शंभर भाग रबराला एक ते तीन भाग गंधक घातलं तर साखळ्यांत मोजके सांधे पडतात आणि सायकलच्या ट्यूबसारखं लवचिक, चिवट रबर मिळतं. तेच गंधक तीस-चाळीस भागांपर्यंत वाढवलं तर होतं एबोनाइट, ज्याची जुनी शाईची पेनं बनत. काळं, चकचकीत, ताठ, आणि फरशीवर पडलं तर तडकणारं. साखळी तीच, अणू तेच. गाठी वाढल्या म्हणून चिवटपणा गेला.

रेणूंची नुसती वळणं बदलली तरी काय होतं, त्याचं उदाहरण कदाचित आपल्या दातात असेल. रबर आणि गट्टापर्चा या दोन्ही झाडांच्या चिकात एकाच कडीची साखळी असते. रबरात प्रत्येक कडीचे दोन हात एका बाजूला वळलेले, त्यामुळे साखळी वेडीवाकडी राहते, रेणू शिस्तीत रचले जात नाहीत आणि पदार्थ मऊ राहतो. गट्टापर्चात ते हात विरुद्ध बाजूंना. साखळी सरळ, रेणू ओळीने बसतात आणि पदार्थ कडक होतो. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलवर याचंच वेष्टण असे, आणि आजही रूट कॅनल केल्यावर दंतवैद्य दाताच्या मुळात तेच भरतात. रबराची वेडीवाकडी साखळीही जोराने ताणल्यावर सरळ होते आणि रेणू तात्पुरते ओळीने बसतात. क्ष-किरणांनी हे काट्झ या शास्त्रज्ञाने १९२५ मध्ये पाहिलं. चिरेच्या टोकाशी ताण सर्वांत जास्त असतो, म्हणजे रबर नेमकं तिथेच स्वतःला कडक करून घेतं. ताण गेला की पुन्हा मऊ.

गाठी वाढल्या की चिवटपणा का जातो, याचा हिशेब लेक आणि थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडला. चीर पुढे सरकायची तर तिच्या वाटेत आडव्या आलेल्या साखळ्या तुटायला हव्यात. साखळीतला तुटतो तो एकच बंध. पण तो तुटण्याआधी दोन गाठींमधली अख्खी साखळी, तिच्यातले शेकडो बंध, तुटण्याच्या बेताला येईपर्यंत ताणले गेलेले असतात. एक बंध तुटला की बाकीच्यांत साठलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. फाडणाऱ्याला दाम शेकडो बंधांचे मोजावे लागतात आणि पदरात पडतो तुटलेला एक बंध. दोन गाठींमधलं अंतर जितकं जास्त, तितकी चीर महाग. एबोनाइटमध्ये हे अंतर जवळजवळ उरतच नाही.

या हिशेबाला एक विचित्र पुरवणी २०२३ मध्ये जोडली गेली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी अ‍ॅक्रिलेटचा रबरासारखा पॉलिमर घेतला आणि त्यातले सांधे मुद्दाम कमकुवत केले. साखळ्या तशाच ठेवल्या, फक्त त्यांना जोडणारे सांधे सहज तुटणारे बसवले. कुणीही म्हणेल की पदार्थ लवकर फाटेल. झालं उलटंच: तो फाडायला नऊपटीपर्यंत जास्त ऊर्जा लागली. चीर येते तेव्हा मुख्य साखळी तुटण्याआधी सांधा सुटतो. सांधा सुटला की दोन तुकड्यांची मिळून एक लांब साखळी होते, आणि चिरेला पुढे जायला आणखी कितीतरी बंध तोडावे लागतात. तेच कमकुवत बंध मुख्य साखळीत बसवले तर पदार्थ खरोखरच कमजोर होतो. कमकुवतपणा वाईट नाही. तो कुठे आहे हे महत्त्वाचं.

कणकेत हे तत्त्व आधीपासून होतं. पक्के सांधे टोकांना मोजके, मधला पट्टा मोकळा, आणि त्यात सुटून पुन्हा जुळणारे असंख्य कमकुवत बंध. प्रयोगशाळेत बऱ्याच खटपटीने जुळवलेली ही रचना गव्हाच्या दाण्यात पूर्वीपासून आहे.

मग ज्वारी कधी ताणेल का? एक आशेचा धागा मक्यातून येतो. मक्याचं झेइन हे प्रथिन काफिरिनचं जवळचं नातेवाईक. तेही कणांत कोंडलेलं, पाण्याला दूर ठेवणारं. ते दाण्यातून वेगळं काढून स्टार्च आणि पाण्याबरोबर ३५ अंश सेल्सियसच्या वर मळलं, तर चक्क गव्हासारखं ताणणारं पीठ होतं. थंड झालं की पुन्हा कडक. अकोल्याच्या एप्रिल-मे महिन्यांतलं स्वयंपाकघर त्या तापमानाच्या वरच असतं, तेव्हा निदान ऊबेसाठी वेगळी चूल पेटवायला नको. काफिरिन झेइनपेक्षा जास्त हट्टी आहे, त्याच्या गाठी सोडवणं कठीण आहे. पण ज्यांना ग्लूटेन चालत नाही अशा माणसांसाठी हे काम करण्यासारखं आहे, आणि ज्वारीच्या प्रदेशातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते हाती घ्यावं. सुरुवात महागड्या यंत्रापासून करायची गरज नाही. दोन परातींत दोन पिठं घेऊन पाण्याखाली धुण्यापासून करता येईल.

तोवर ज्वारीकडून मांड्याची अपेक्षा ठेवू नये. पाणी चांगलं उकळू द्यावं, उंडा लगेच थापावा आणि भाकर गरम असतानाच खावी. निवल्यावर स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ येऊन दाटीने बसतात आणि ती कडक होते.